सोडून गेलेल्यांची श्रद्धा : पोयकयिल योहन्नान यांच्या निमित्ताने

ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुढे तो सोडणाऱ्या माणसाविषयी चर्चच्या परिसरात एक ठरलेले उत्तर मिळते. तो खरा ख्रिस्ती झालाच नव्हता, असे ते उत्तर. अंगावर पाणी पडले होते, आत काही पोचले नव्हते. या उत्तराची सोय अशी की ते देणाऱ्याला त्या माणसाची काहीही चौकशी करावी लागत नाही. तो गेला, एवढा पुरावा पुरतो. तो राहिला असता तर त्याची श्रद्धा खरी ठरली असती. गेला म्हणून ती खोटी ठरली. म्हणजे वीस वर्षे केलेल्या प्रार्थनेचा निकाल एकविसाव्या वर्षी लागतो आणि तोही मागच्या तारखेपासून लागू होतो. सरकारी कचेरीतले वेतनाचे आदेश मागच्या तारखेपासून लागू होतात हे आपण पाहतो. माणसाच्या अंतःकरणालाही तोच कायदा लावण्यात आला आहे.

हे उत्तर आजचे नाही. नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, त्याचे मूळ आहे. मंडळी सोडून गेलेले लोक मुळातच मंडळीचे नव्हते, असते तर राहिले असते, अशा आशयाचा युक्तिवाद तेथे केलेला आहे. एका लहानशा मंडळीत फूट पडली असताना, त्या फुटीच्या जखमेतून आलेले ते बोलणे आहे. पण धर्मग्रंथात शिरलेले प्रासंगिक बोलणे पुढे नियम होऊन बसते, हे मनुस्मृतीच्या देशात सांगायला नको.

विशेष म्हणजे आरंभीच्या चर्चने हा नियम सरसकट वापरलेला नाही. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी रोमच्या देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा असे फर्मान काढले. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक चर्चच्या दाराशी परत आले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या काळात यावर मोठा वाद माजला. पण तो वाद त्यांना परत घ्यावे की नाही आणि किती प्रायश्चित्त द्यावे याचा होता. ते ख्रिस्ती नव्हतेच असे म्हणून हात झटकण्याचा मार्ग त्या चर्चने धरला नाही. त्यांना 'पडलेले' म्हटले गेले. आणि पडायला माणूस आधी उभा असावा लागतो. सोळाव्या शतकात कॅल्विन आणि त्याच्या अनुयायांनी देवाने निवडलेला माणूस कायमचा ढळूच शकत नाही हा सिद्धांत पक्का केला. मेथडिस्टांना तो मान्य नाही. त्यांच्या मते खरा श्रद्धावानही ढळू शकतो. म्हणजे खुद्द ख्रिस्ती जगातही या प्रश्नावर एकमत नाही. १८१३ साली मुंबईत आलेले आणि १८३१ पासून अहमदनगरला ठाण मांडलेले अमेरिकन मराठी मिशन आणि मुंबई-पुण्याचे स्कॉटिश मिशनरी हे मात्र बहुतांशी कॅल्विनच्या घराण्यातले होते, एवढे आपण लक्षात ठेवावे.

आम्हाला या धर्मशास्त्रीय वादात फारसा रस नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. हा प्रश्न भारतात सर्वांना सारखा विचारला जात नाही. बाबा पदमनजी, नीलकंठशास्त्री गोरे, नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराचा विचार करताना अभ्यासक त्यांच्या मनातील संघर्ष शोधतात, त्यांचे वाचन तपासतात, रात्री-अपरात्रीची तळमळ वर्णन करतात. महारवाड्यातील किंवा मांगवाड्यातील चाळीस घरे ख्रिस्ती झाली की अभ्यासक दुष्काळाचे साल पाहतो. आणि त्या चाळीसांतली दहा घरे पुढे बाहेर पडली की तोच अभ्यासक सवलतींचा शासननिर्णय पाहतो. आला तो पोटासाठी, गेला तो पोटासाठी. मध्ये विचार करणारे, विश्वास ठेवणारे, विश्वास उडालेले मन नावाची काही वस्तू त्याच्याजवळ असेल, ही शक्यताच गृहीत धरलेली नाही.

म्हणून या प्रश्नाला एका अशा माणसाच्या चरित्राची कसोटी लावून पाहावी असे मला वाटते, ज्याच्या बाबतीत पोटाचे कारण पुढे करता येत नाही. हा माणूस महाराष्ट्रातला नाही. आपल्याकडे चर्च सोडून गेलेल्यांनी मागे काही लिहून ठेवलेले सहसा सापडत नाही. मिशनच्या वार्षिक अहवालातल्या आकड्यांत त्यांची गणती होते आणि तेथेच ते संपतात. त्रावणकोरच्या या माणसाची गाणी मात्र राहिली, कारण हजारो लोकांनी ती पाठ केली.

पोयकयिल योहन्नान यांचा जन्म १८७९ साली तिरुवल्लाजवळच्या इरविपेरूर गावी परय जातीच्या कुटुंबात झाला. त्रावणकोरमध्ये गुलामगिरी १८५५ च्या राजघोषणेने कायद्याने संपली होती. त्याआधी पुलय आणि परय माणसे जमिनीबरोबर आणि जमिनीवाचूनही विकली जात, गहाण पडत, भाड्याने दिली जात. नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे आणि पोरे तिसऱ्याकडे, अशी कुटुंबे तुटत. कायदा झाला तरी मालक तेच राहिले आणि शेतही तेच राहिले. योहन्नान यांचे आईवडील एका सीरियन ख्रिस्ती जमीनदार कुटुंबाच्या बंधनात होते. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. आपल्याकडे ख्रिस्ती म्हटले की बाहेरून आलेला मिशनरी आणि त्याने गोळा केलेले गोरगरीब असे चित्र उभे राहते. केरळात सीरियन ख्रिस्ती हे शतकानुशतकांचे जमीनदार आणि व्यापारी. आपले पूर्वज नंबुद्री ब्राह्मण होते व खुद्द प्रेषित तोमाने त्यांना बाप्तिस्मा दिला, अशी त्यांची परंपरा. अस्पृश्यता ते पाळत. म्हणजे ज्या धर्मात मुक्तीसाठी जायचे त्याच धर्माचा माणूस मालक म्हणून उंबऱ्याच्या आत बसलेला होता.

मूळ नाव कुमारन. ख्रिस्ती झाल्यावर योहन्नान झाले. मार तोमा हे सीरियन ख्रिस्ती लोकांतले एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी चर्च. त्याच्या सुवार्ताप्रसारक संघाची स्थापना १८८८ ची. या चर्चमध्ये योहन्नान लिहायला-वाचायला शिकलेले, बायबल तोंडपाठ असलेले, मैदानात उभे राहून लोकांना खिळवून ठेवणारे प्रवचनकार म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या जातीच्या माणसाला त्या काळी सार्वजनिक रस्त्यावरून चालण्याची मुभा नव्हती. शाळेच्या दारासाठी अय्यंकाळींचा लढा तेव्हा उभा राहत होता. अशा काळात एक परय तरुण हातात पुस्तक घेऊन बोलतो आणि लोक ऐकतात, हे त्या पुस्तकामुळेच घडत होते. पुस्तकावर त्यांचा जीव होता यात शंका घ्यायला जागा नाही.

मग ते चर्चमधून बाहेर का पडले? त्यांच्या परंपरेत एक हकीकत सांगितली जाते. अस्पृश्यांतून आलेल्या एका ख्रिस्ती व्यक्तीचे प्रेत चर्चच्या दफनभूमीत पुरले गेले, आणि सीरियन ख्रिस्ती मंडळींनी ते उकरून दुसरीकडे हलवायला लावले. योहन्नान यांनी मार तोमा चर्च सोडले. येथे त्यांनी धर्म सोडला नाही, हे महत्त्वाचे. ते ब्रदरन पंथात गेले. हा पंथ पाद्री-पुरोहित मानत नाही, सर्व विश्वासणारे बंधू, असे नावातच सांगतो. तेथेही जातीचा प्रश्न आला. विवाहसंबंधाची वेळ आली तेव्हा बंधुत्व संपले, असे सांगतात. तेव्हा तेही सोडले. १९०६ च्या सुमारास वाकत्तानम् येथे त्यांनी सभेत बायबल जाळले. १९०९-१० च्या दरम्यान त्यांची स्वतंत्र सभा उभी राहिली. तिचे नाव प्रत्यक्ष रक्षा दैव सभा. हे नाव मलयाळममधले, पण त्याचे भाषांतर करावे लागत नाही. मेल्यावरची नव्हे, दिसणारी, हातात येणारी, प्रत्यक्ष रक्षा.

ग्रंथदहन म्हटले की आपल्याला २५ डिसेंबर १९२७ चे महाड आठवते. पण दोन्हींत मोठा फरक आहे आणि तो आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. मनुस्मृती महाडच्या सत्याग्रहींची कधीच नव्हती. ती त्यांच्यावर लादलेली होती. जाळताना कोणाच्या मनात काही तुटले नसेल. योहन्नान यांनी जाळलेले पुस्तक त्यांचे स्वतःचे होते. त्याच पुस्तकाने त्यांना अक्षर दिले, आवाज दिला, श्रोते दिले. ज्याने ते कधी मनापासून हातात घेतलेच नाही, त्याला ते जाळण्याची गरज पडत नाही. तो ते फळीवर ठेवून देतो आणि विसरतो. संधिसाधू माणूस नाव कापून घेतो आणि निघून जातो. हजारो लोकांसमोर शोक करीत नाही.

आणि त्यांचा युक्तिवाद पाहा. पौलाने रोमकरांना पत्र लिहिले, करिंथकरांना लिहिले, गलतीकरांना लिहिले. त्रावणकोरच्या पुलयांना उद्देशून एकही पत्र या पुस्तकात नाही, असे ते विचारीत. हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचणारा नाही. ज्याने ती पत्रे एकेक करून, आपल्यासाठी काहीतरी असेल या आशेने वाचली, त्यालाच आपले नाव नसल्याची कळ लागते. त्यांच्या गाण्यांत हीच वेदना आहे : इतरांच्या वंशांचा इतिहास लिहिलेला दिसतो आणि आपल्या वंशाचा कोठेच दिसत नाही. बैलाबरोबर नांगराला जुंपलेली माणसे, विकून टाकलेली आई, झाडाखाली रडणारी पोरकी लेकरे हे त्या गाण्यांचे विषय. सभांमधून ही कहाणी सांगितली जाई तेव्हा जमलेले लोक आक्रोश करीत. केरळचे इतिहासकार सनल मोहन यांनी गुलामगिरीच्या या स्मृतीवर विस्ताराने लिहिले आहे; त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०१५ साली प्रसिद्ध झाला.

मला या ठिकाणी असे दिसते की योहन्नान यांनी मिशनऱ्यांचे शिकवणे सोडले नाही, ते शब्दशः घेतले. मिशनरी सांगत होता, तुम्ही पापाचे गुलाम आहात आणि तुमची सुटका झाली आहे. मिसर देशात राबणाऱ्या इस्राएल लोकांची गोष्ट तो सांगत होता. ऐकणाऱ्यांच्या अंगावर खऱ्या गुलामीचे वळ होते. त्यांच्यासाठी तो दृष्टांत नव्हता. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात, जो १९८९ साली प्रसिद्ध झाला, धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. अस्पृश्याच्या दुःखाचे कारण त्याच्या भोवतालच्या समाजरचनेत आहे, असे सांगण्याऐवजी ख्रिस्ती शिकवण त्याला पापाकडे बोट दाखवते, म्हणून धर्मांतर करूनही त्याच्यात बंडाची प्रेरणा येत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. योहन्नान यांची सभा हे या आक्षेपाला आधीच मिळालेले उत्तर होते. त्यांनी पापाचा खांब उपटला आणि तेथे गुलामीचा इतिहास उभा केला. पण ज्या घरात तो उभा केला ते घर प्रार्थनेचेच होते.

पुढे १९२१ आणि १९३१ साली ते त्रावणकोरच्या श्रीमूलम प्रजासभेवर नेमले गेले. तेथे त्यांनी आपल्या लोकांसाठी जमीन आणि शिक्षणाच्या सवलती मागितल्या. सभेने जमिनी घेतल्या, शाळा काढल्या. १९३९ साली त्यांचे निधन झाले. अनुयायी त्यांना आज श्रीकुमार गुरुदेवन म्हणून देवस्थानी मानतात. त्यांनी ख्रिस्त सोडला की केवळ चर्च सोडले, यावर अभ्यासकांत एकवाक्यता नाही. जिवंत माणसाची श्रद्धा रजिस्टरमधल्या रकान्यांसारखी उभी-आडवी आखलेली नसते. चर्चने मात्र त्यांना केव्हाच पाखंडी ठरवून टाकले होते. आणि जे राहिले त्यांची तरी श्रद्धा कोणी मान्य केली? तीन-तीन पिढ्या ख्रिस्ती असलेल्या दलितांना केरळात 'पुदु ख्रिस्त्यानी', म्हणजे नवख्रिस्ती, म्हणत राहिले. पाम्पाडी जॉन जोसेफ हे पुलय ख्रिस्ती. त्यांनी १९२१ साली चेरमर महाजन सभा काढली आणि सवर्ण ख्रिस्ती व अवर्ण ख्रिस्ती असे दोन वेगळे समाज एकाच धर्मात नांदत आहेत हे लिहून दाखवले. सोडणारा खोटा आणि राहणारा कच्चा. मग अस्सल कोण? ज्याच्या पूर्वजाला तोमाने बाप्तिस्मा दिला तो. श्रद्धेची कसोटी म्हणून जे पुढे केले जाते ते शेवटी कुळच असते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला शुद्ध करून जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि सनातनी मंडळींनी गहजब केला. तो वाद वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पोराचा येशूवर विश्वास बसला होता का, हे कोणीच विचारीत नाही. तो कोणाच्या पंगतीला बसला, काय खाल्ले, एवढाच प्रश्न. ब्राह्मणाच्या बाबतीत श्रद्धा अलगद बाजूला ठेवता येते. मोठा भाऊ नारायण पुढे जालन्याला गेला, मांग-महारांत काम करू लागला आणि निजामाच्या राज्यात बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. त्या वसाहतीतल्या लोकांच्या श्रद्धेवर मात्र पुढे दीडशे वर्षे सर्वांनी शंका घेतली.

दुसरे उदाहरण खुद्द टिळकांचे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले. टिळकांनी ख्रिस्त सोडला नाही आणि बायबल जाळले नाही, हा योहन्नान यांच्याशी असलेला फरक मी नाकारत नाही. पण चर्चच्या चौकटीवर पाय देऊन बाहेर येणाऱ्या कवीला संत म्हणण्यात आले आणि तोच पाय परयाचा असताना त्याला पाखंडी म्हणण्यात आले, हाही फरक नोंदवायला हवा.

मिशनच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दुष्काळात लोक आले हे खरे आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर आपल्याकडेही आले. पाटलाच्या छळातून सुटण्यासाठी, कोर्टकचेरीत साहेबाचा शब्द उपयोगी पडावा म्हणून, पोराला शाळा मिळावी म्हणून आले. त्यातले काही, मदत थांबताच गेले. पण म्हणून काय सिद्ध होते? मेथडिस्ट मिशनरी जे. वास्कम पिकेट यांनी भारतातील सामुदायिक ख्रिस्ती धर्मांतरांची पाहणी करून १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे माणूस कसा ख्रिस्ती होतो हे त्याच्या येण्याच्या हेतूवरून ठरत नाही, निव्वळ ऐहिक कारणासाठी आलेलेही पुष्कळदा उपासनेत स्थिर होतात, असे त्यांच्या पाहणीत दिसले. भुकेने आलेल्याचा विश्वास बसू शकतो. तसाच विश्वासाने आलेल्याचा विश्वास उडूही शकतो. ज्या भाकरीसोबत माणूस म्हणून हाक मारली गेली, त्या भाकरीतून श्रद्धा वेगळी काढून तोलणारा तराजू पोट भरलेल्यांच्याच घरी असतो.

याच्या अगदी उलट टोकाला गांधीजी उभे होते. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर मिशनऱ्यांची धावपळ सुरू झाली. १९३६ च्या अखेरीस जॉन मॉट हे मोठे ख्रिस्ती पुढारी गांधीजींना भेटले. हरिजनांना धर्मातले तारतम्य कळण्याइतकी समज नाही, असे सांगताना गांधीजींनी गाईचा दाखला दिला. गाईपुढे कोणी सुवार्ता सांगेल काय, अशा आशयाचा. पुढे टीका झाली तेव्हा गाय आपल्याला पूज्य आहे, त्यात अपमान नाही, असा खुलासा त्यांनी केला. खुलाशाने मूळ विधान बदलत नाही. चर्च म्हणते, गेलेल्याची श्रद्धा नव्हती. गांधीजी म्हणतात, येणाऱ्याची असूच शकत नाही. एकाने माणसाला बाहेरच्या दारावर अडवले, दुसऱ्याने आतल्या. दोघांनाही त्याला विचारून पाहावे असे वाटले नाही.

स्वातंत्र्यानंतर ही तपासणी राज्याकडे आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट घातली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. परिणामी चर्च सोडून परत येणाऱ्याला आपण खरोखर परत आलो आहोत हे सिद्ध करावे लागते. कोलार गोल्ड फील्डचे एस. राजगोपाल यांचे प्रकरण विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. आदिद्रविड जातीत जन्म, १९४९ साली ख्रिस्ती झाले, पुढे आपण हिंदू झालो असे त्यांचे म्हणणे. १९६७ साली राखीव जागेवरून निवडून आले. निवडणूक रद्द झाली, जातीने परत स्वीकारल्याचा पुरावा पुरेसा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९७२ साली त्याच जागेवरून पुन्हा निवडून आले. १९७५ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने ते आदिद्रविडच आहेत असा निकाल दिला. माणूस तोच, जात तीच, देवही बहुधा तोच. कसोटी होती जातीच्या स्वीकाराची. म्हणजे हिंदू झाल्याचा दाखला देव देत नाही, जात देते. हे मात्र न्यायालयाने आपल्या धर्मशास्त्रकारांपेक्षा अधिक स्पष्ट सांगितले. २०१५ साली केरळमधील एका प्रकरणात, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती असलेल्या घरातील माणसाच्या बाबतीतही हाच स्वीकाराचा निकष कायम झाला. २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या प्रकरणात मात्र न्यायालय एक पाऊल पुढे गेले. तिचा बाप्तिस्मा झालेला, ती चर्चमध्ये जाते. तेव्हा खरी श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे म्हटले गेले. संविधानाशी फसवणूक कोणीही करू नये. पण ज्या आदेशाने सवलतीला धर्म चिकटवला, त्यानेच माणसाला हा खोटेपणा शिकवला, हे त्या निकालाच्या चौकटीत बसणारे नव्हते. सवलत जन्माने लादलेल्या अपमानाची भरपाई म्हणून आहे आणि मागितला जातो तो श्रद्धेचा दाखला. डेसियसच्या दाखल्यापासून आपण फार दूर आलेलो नाही.

हे सारे ख्रिस्ती बांधवांचे प्रकरण आहे, आपण बौद्ध, आपला काय संबंध, असे एखादा कार्यकर्ता म्हणेल. त्याने १९५६ ते १९९० ही वर्षे आठवावीत. केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र शासनाने आपल्या पातळीवर काही दिले तेवढेच. त्या चौतीस वर्षांत किती घरांत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार होते! त्या घरातली बाई वैशाखी पौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून विहारात बसत होती. ती खोटी बौद्ध होती काय? आपल्या धर्मांतरालाही विरोधकांनी हेच म्हटले : देव बदलले, माणसे तीच, सारे राजकारण. त्या वेळी आपण जो संताप अनुभवला तो आपल्याला माहीत आहे. तरीही आपल्याच वस्तीतला एखादा ख्रिस्ती महार किंवा मांग पुढे विहारात येऊ लागला की आपण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, हे आधी भाकरीसाठी तिकडे गेले होते. आणि विहारातून कोणी प्रार्थनामंदिरात गेला की म्हणतो, हा कधी बौद्ध नव्हताच. योहानाच्या पत्रातला तो युक्तिवाद आपल्या तोंडी फार सहज बसतो. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुले अशी असतात की ज्यांच्या दाखल्यावर एक धर्म, आईच्या ओठांवर दुसरा आणि आजीच्या आठवणीत तिसरा. प्रवेशाच्या वेळी धर्माच्या रकान्यापाशी त्यांचे पेन थांबते. घाई करणाऱ्या कारकुनाला ते थांबणे कळत नाही; आपल्याला कळायला हवे.

यावर करण्यासारखे एक काम आहे आणि ते लवकर केले पाहिजे, कारण माणसे जात आहेत. नगर, जालना, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या भागांतल्या खेड्यांत अशी वृद्ध माणसे अजून आहेत, ज्यांच्या घरात एक पिढी ख्रिस्ती होती आणि पुढची नव्हती. योहन्नान यांची गाणी लोकांनी पाठ केली म्हणून वाचली. आपल्याकडच्या या माणसांना कोणी काही विचारलेलेच नाही. इतिहास आणि मराठी विभागांतल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. तुमचा विश्वास होता का, असे विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर समोरचा माणूस विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून देतो. टिळकांचे कोणते भजन अजून येते ते विचारावे. घरात बायबल होते का, कोण वाचीत असे, ते आता कोठे आहे. पहिल्यांदा चर्चला न गेलेला रविवार आठवतो का, आणि त्या दिवशी घरात काय झाले. पाद्री कोणत्या जातीचा होता. आजोबांना कोठे पुरले, कोणी पुरले, आणि त्या जागेवर नंतर कोणी काही बोलले का.